बांधाची कोरडी बाजू दर पावसाळ्यात ओली होतेय? तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

जुलैचा तिसरा आठवडा उलटला की मला येणारे फोन साधारण एकाच वाक्याने सुरू होतात: "तळं तुडुंब भरलंय, पण बांधाच्या मागच्या अंगाला ओल आलीय." फोन मावळातून असतो, मुळशीतून, कर्जतकडून, नाहीतर इगतपुरीच्या बाजूने. फार्महाऊस किंवा कृषी पर्यटनाची जागा, ओढ्यावर आडवा घातलेला पाच-सहा मीटर उंचीचा मातीचा बांध, त्याने अडवलेलं दोन-अडीच एकर पाणी. पाण्यात एखादी होडी, थोडे मासे, काठाला झोपाळे. मी पंचवीस वर्षं मातीकामावर काढली, आधी पाझर तलावांवर आणि नंतर अशा खासगी तळ्यांच्या दुरुस्तीवर. ही तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे की तपासणीचा क्रम हाताला बसलाय. तोच इथे लिहितो.

आधी एक हिशेब करून घ्या. एक हेक्टर पसरलेलं आणि सरासरी दोन मीटर खोल तळं म्हणजे २०,००० घनमीटर पाणी. दोन कोटी लिटर. वजनात वीस हजार टन. मालकाला ते "आमचं छोटंसं तळं" वाटतं, पण खालच्या ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाला ते छोटं नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१चा केंद्राचा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना तो ठराविक अटींवर लागतो: माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा दहा लाख घनमीटर वगैरे. तुमचा सहा मीटरचा बांध यात बसत नाही. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायला कुणी अभियंता आपणहून येणार नाही. ते काम मालकाचं आणि राखणदाराचं. म्हणूनच पुढचं सगळं राखणदारालाही वाचून दाखवा, कारण पहाटे बांधावर तोच असतो.

लक्षणं

यातली एक किंवा अनेक दिसतात:

- कोरड्या उतारावर, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूला, बहुधा पायथ्याकडच्या तिसऱ्या हिश्शात, ओलीचा पट्टा. उन्हाळ्यातही तेवढ्याच भागात गवत हिरवं राहतं.
- पायथ्याला दलदल. पाय रुततो, लव्हाळा उगवलेला असतो.
- पाणी सोडायच्या पाइपाच्या तोंडाभोवती, पाइपाच्या बाहेरून, झिरपा.
- बांध जिथे डोंगराला टेकतो त्या खांद्याला ओल.
- पाऊस थांबल्यावर पातळी वाजवीपेक्षा लवकर उतरते.
- माथ्यावर मोठी भेग किंवा अचानक पडलेला खड्डा.
- पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येतं आणि भोवती वाळूचं बारीक कडं जमतं.

शेवटची दोन दिसली तर पुढच्या तपासण्या करत बसू नका. सरळ "इथे थांबा" या भागाकडे जा.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढतो. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर तलाव तर त्यासाठीच बांधतात. ओल दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच की पाणी येताना माती घेऊन येतंय का. पाण्याने कोरड्या बाजूचा एक कण उचलला की तिथे तेवढी पोकळी होते. पाण्याची वाट तेवढी आखूड होते, आखूड वाटेने पाणी जोरात येतं आणि पुढचा कण आणखी सहज सुटतो. असं करत नळी मागे मागे सरकत तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. वरून बांध धडधाकट दिसत असतो आणि आतून पोखरला जात असतो.

वही, पट्टी आणि बादली

याला खर्च जवळजवळ शून्य. पाण्यात एक खांब रोवून त्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तीन आकडे वहीत लिहा: पाण्याची पातळी, आदल्या दिवसाचा पाऊस, आणि पाझराचं माप. माप घ्यायला पायथ्याचं पाणी छोट्या चरातून एका जागी आणा, तिथे पाइपाचा तुकडा बसवा आणि बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजा. १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १८ लिटर, दिवसाला सुमारे २६,००० लिटर.

आकडा ऐकून दचकू नका. मे महिन्यात एक हेक्टर तळ्यावरून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार लिटर. पाण्याचं नुकसान म्हणून हा पाझर किरकोळ आहे. आपल्याला हवी ती तुलना: पातळी तीच असताना गेल्या आठवड्यापेक्षा पाझर वाढला का? पातळी वाढली आणि पाझर वाढला तर ते समजण्यासारखं आहे. पातळी जागच्या जागी आणि पाझर वाढतोय, तर आत काहीतरी बदललंय. वहीशिवाय हे कळायला मार्ग नाही, आणि आठवणीवर माझा विश्वास नाही. "गेल्या वर्षीही एवढंच होतं हो," हे वाक्य मी ज्या जागांवर ऐकलं, त्यातल्या कित्येक ठिकाणी गेल्या वर्षी तेवढं नव्हतं.

पातळी लवकर उतरतेय असं वाटत असेल तर आणखी एक सोपी चाचणी आहे. एक जड बादली निम्मी भरून तळ्याच्या उथळ कडेला पाण्यातच उभी करा. आतल्या आणि बाहेरच्या पातळीची खूण करा. चार कोरडे दिवस जाऊ द्या. बादलीत उतरलं तेवढंच बाहेर उतरलं असेल तर ती वाफ. बाहेर जास्त उतरलं असेल तर फरक तेवढी गळती.

याच वहीतून आणखी एक गोष्ट सुटते. सह्याद्रीच्या उतारावर श्रावणात जागोजागी झरे फुटतात. खांद्याजवळची ओल पुष्कळदा डोंगराच्या झऱ्याची असते आणि तिचा तळ्याशी संबंध नसतो. तळ्याची पातळी फूटभर उतरली तरी ओल तशीच राहिली तर झरा धरा. पातळीबरोबर ती कमी-जास्त होत असेल तर पाणी तळ्यातलं.

बाटली

पारदर्शक बाटलीत पाझराचं पाणी भरा, तारीख लिहा आणि रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाशी काय बसलंय ते बघा. नितळ पाणी असेल तर वहीत "स्वच्छ" लिहा. बोटाच्या पेरभर गाळ बसला तर पुढचं काही वाचू नका, माणूस बोलवा. पाऊस पडत असताना भरलेली बाटली धरू नका, कारण उतारावरून वाहून आलेली माती त्यात मिसळते. तासाभराची उघडीप बघून भरा.

या दहा रुपयांच्या बाटलीला मी एवढं का मानतो, तर गढूळपणा फार थोडा वेळ देतो. अमेरिकेत आयडाहोमध्ये टेटन नावाचं मातीचं धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. सरकारी अभियंत्यांनी बांधलेलं, नव्वद मीटरहून उंच. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं, बुलडोझर लावून भोक बुजवायचा प्रयत्न झाला, बुलडोझरच त्यात गेले, आणि बाराच्या आत माथा कोसळला. पाच तासही मिळाले नाहीत. तुमचा बांध त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण पाणी माती उचलतं ते तसंच.

तीन वर्षांपूर्वी मावळातल्या एका तळ्यावरून राखणदार मामांचा सकाळी सहाला फोन आला: "साहेब, पाणी लाल येतंय." त्यांना पायपिंग हा शब्द माहीत नव्हता, पण रोज बाटली भरायची सवय लावलेली होती. दुपारपर्यंत पंप लावून पातळी उतरवायला घेतली. चार दिवसांनी पाण्याच्या बाजूला मनगट जाईल एवढं भोक सापडलं. तो बांध आजही उभा आहे.

सांडवा

पाझर आणि सांडव्याचा (जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेचा) संबंध काय, असं मालक विचारतात. सांडवा तुंबला की पातळी ठरल्यापेक्षा वर राहते, आणि बांधाच्या ज्या वरच्या भागाला कधी पाणी लागत नाही तिथे ते लागतं. तिथली माती बहुधा कमी दाबलेली आणि उन्हाने तडकलेली असते. पाणी त्या भेगांतून सरळ आत जातं. आणि अतिवृष्टीच्या रात्री सांडवा पुरला नाही तर पाणी माथ्यावरून जातं. माथ्यावरून पाणी गेलेला मातीचा बांध टिकेल यावर मी एक रुपया लावणार नाही.

खासगी तळ्यांवर सांडवा मुद्दाम अडवलेला असतो. मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, होडीला खोली मिळावी म्हणून दोन थर विटा किंवा वाळूची पोती, पाहुण्यांना पलीकडे जाता यावं म्हणून खाली दोन लहान पाइप टाकलेला साकव. जाळीत पहिल्या पुरात पालापाचोळा, घाणेरीची झुडपं, प्लास्टिक अडकतं आणि तासाभरात जाळीची भिंत होते.

१८८९ साली पेनसिल्व्हेनियात नेमकं हेच झालं. साउथ फोर्क धरणाचं तळं श्रीमंतांच्या एका क्लबकडे होतं, मासेमारी आणि नौकाविहारासाठी. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या होत्या. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा छाटून खाली आणला होता. तळाचे पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते परत बसवले नाहीत, त्यामुळे पातळी उतरवायची सोयच उरली नव्हती. ३१ मे १८८९च्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन गावात २,२०९ माणसं गेली. जाळी, छाटलेला माथा, बंद विमोचक (तळातून पाणी सोडायची सोय): या तीनही गोष्टी मी आपल्याकडच्या तळ्यांवर आजही बघतो. एका ठिकाणी तर तिन्ही एकत्र होत्या.

करायचं ते सोपं आहे. जाळी, विटा, पोती आजच काढा. मासे जातील, जाऊ द्यात. सांडव्याच्या पुढचा पुच्छ कालवा ओढ्यापर्यंत मोकळा करा, नाहीतर पाणी वळून बांधाच्याच पायथ्याला धडकतं. तळं सांडव्यापर्यंत भरलेलं असताना माथा पाण्याच्या निदान एक मीटर वर असायला हवा. सांडवा किती रुंद असावा हे मात्र नजरेने ठरवू नका. वर किती क्षेत्रावरचा पाऊस येतो त्यावर ते ठरतं आणि तो हिशेब अभियंत्याचा.

माथा

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि दोन माणसं. बांधाच्या एका टोकापासून दर पाच मीटरवर खुंटी ठोकत, नळीतल्या पाण्याच्या रेषेवरून माथ्याची उंची टिपत जा. शंभर मीटरच्या बांधाला सकाळ पुरते. माथा डोळ्याला सपाट दिसतो, नळी खरं सांगते. मुळशीतल्या एका बांधावर पर्यटकांच्या चारचाकी बाइक माथ्यावरून फिरायच्या. मधोमध नऊ इंच खड्डा निघाला आणि बांधाच्या मालकाला तो दोन वर्षांत दिसला नव्हता. पूर आला असता तर पाण्याने पहिली वाट तीच धरली असती.

खड्डा गाड्यांमुळे पडला असेल तर मुरूम भरून, पाणी मारून, ठोकून उंची परत आणता येते. कुणाच्या चाकाशिवाय, एकाच जागी, पाइपाच्या बरोबर वर खचला असेल तर तो आतून खचलाय. त्याला हात लावू नका.

भेगांचंही असंच. काळ्या मातीत उन्हाळ्यात बारीक जाळीदार भेगा पडतात, त्या वीतभर खोल असल्या तर मातीचा स्वभाव म्हणून सोडून द्या. बांधाच्या लांबीला समांतर भेग म्हणजे उतार सरकू बघतोय. बांधाला आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग सगळ्यात वाईट, कारण तिने पाण्याला तयार रस्ता दिलेला असतो. दोन्ही भेगांवर पावसाचं पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद घाला, दोन्ही कडांना खिळे ठोकून अंतर मोजून ठेवा आणि फोन करा.

झाडं आणि बिळं

मालकाला बांधावरची झाडं आवडतात. सावली असते, फोटो चांगले येतात. मला ती काढायला सांगताना वाईट वाटतं, पण सांगतोच. मुळं ओल शोधत बांधाच्या पोटात जातात. झाड उभं असताना वाऱ्याने मूळ हलतं आणि माती सैल होते. झाड मेलं की मूळ कुजून तिथे तयार नळी उरते. सुबाभूळ आणि घाणेरी यांची रोपटी हाताने उपटता येतात तोवर उपटा. मनगटाहून जाड बुंधा नुसता तोडून तसाच ठेवू नका. मुळांसकट काढून खड्डा चांगल्या मातीने थरथर ठोकून भरावा लागतो, आणि हे पाणी उतरलेलं असताना, उन्हाळ्यात. पिंपळ-वडाएवढं झाड असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. उतारावर हरळी राहू द्या, ती माती धरून ठेवते. वाळा लावलात तर तोही चांगला. गवत घोट्याएवढंच ठेवा, म्हणजे ओल आणि बीळ दोन्ही दिसतात.

बिळं करणारे म्हणजे घूस, उंदीर, खेकडे, कोकणात आणि घाटात साळिंदरही. वाळवीची वारुळंही आतून पोकळ असतात. बिळात काठी घालून खोली बघा. हातभर असेल तर काळ्या मातीचा पातळ गारा करून, नरसाळ्याने आत ओतत, ठोकत भरा. तोंडाशी दगड कोंबून वरून माती सारवली तर आतली पोकळी तशीच राहते. पाण्याच्या बाजूने शिरलेलं बीळ आणि कोरड्या बाजूचं बीळ एकाच रेषेत असतील तर ते तुमचं काम राहिलं नाही.

ओलीवर काय घालायचं आणि काय नाही

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

ओल दिसली की गवंडी बोलावून तिथे काँक्रीटचा पट्टा मारायचा, ही पहिली ऊर्मी असते. कुणी प्लास्टिकचा कागद अंथरून वर माती टाकतं. एका जागी मी गेलो तेव्हा कोरड्या उताराला, एखाद्या खोलीच्या भिंतीला करावा तसा, सिमेंटचा गिलावा केलेला होता. गिलाव्याच्या कडेला हात लावला तर गार लागला, आणि बारा फुटांवर, गिलावा जिथे संपत होता तिथे, अंगठ्याएवढी धार सुरू झाली होती. पाण्याची वाट बंद केली की पाणी मागे साचतं, बांधाचं पोट फुगतं, माती जड आणि मऊ होते, आणि मग पाणी कुठल्यातरी कच्च्या जागेने बाहेर येतं किंवा सगळा उतारच घसरतो.

नियम एकच लक्षात ठेवा: अडवायचं ते पाण्याच्या बाजूला, कोरड्या बाजूला फक्त गाळून सोडायचं. कोरड्या बाजूला फिल्टर घालतात. ओल्या जागेवरचं गवत आणि सैल माती काढून आधी फूटभर स्वच्छ जाड वाळू, त्यावर फूटभर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. वाळू मातीचे कण अडवते, खडी वाळूला अडवते, दगड सगळ्यावर वजन ठेवतात आणि पाणी आरामात बाहेर पडतं. फिल्टर ओलीच्या कडेपलीकडे निदान मीटरभर पसरवा. बारीक, माती मिसळलेली वाळू किंवा दगडांची भुकटी चालणार नाही. ती स्वतःच गच्च बसते आणि गिलाव्याचं काम करते. पायथ्याला चर काढून ते पाणी ओढ्यात सोडा आणि बादलीने मोजणं चालू ठेवा.

ओल नितळ, स्थिर आणि पायथ्यालगत असेल तर माझ्या अनुभवात एवढ्याने बहुतेक प्रकरणं सुटतात. ओल अर्ध्या उंचीच्या वर असेल तर फिल्टर घालून समाधान मानू नका. पाणी एवढ्या वर बाहेर येतंय म्हणजे आतल्या काळ्या मातीच्या गाभ्यात काहीतरी चुकलंय.

पाण्याची बाजू

हे काम एप्रिल-मे महिन्यात, तळं खाली गेल्यावर. पिचिंगचे, म्हणजे पाण्याच्या उतारावर रचलेले, दगड निसटलेत का, त्यामागची माती धुपलीय का, गाभ्यावरचा मुरूम वाहून जाऊन काळी माती उघडी पडलीय का, ते बघत पूर्ण लांबी चाला. उघडी काळी माती उन्हात तडकते आणि जूनचं पहिलं पाणी त्या तड्यांत शिरतं. दर पावसाळ्यात ओल परत येण्याचं हे एक मोठं कारण, आणि ते पाण्याखाली असल्यामुळे जुलैत कुणाला दिसत नाही. तडकलेला थर खणून काढा. जवळच्या शेतातली चांगली चिकण माती सहा-सहा इंचांच्या थरांत, ओलावा राखून रोलरने दाबत दीड फुटापर्यंत चढवा. त्यावर मुरूम आणि पिचिंग परत बसवा. मुठीत दाबल्यावर लाडू वळतो पण हाताला चिखल लागत नाही, एवढा ओलावा पुरे.

पाणी उतरवताना घाई नको. पाणी भराभर गेलं की आतून भिजलेला उतार आधाराविना उरतो आणि पाण्याच्या बाजूलाच घसरतो. मी दिवसाला फुटापेक्षा जास्त उतरवत नाही. फक्त बांध फुटायची भीती असेल तेव्हा हा नियम बाजूला ठेवायचा, आणि तोही अभियंत्याशी बोलून.

पाइप

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात धोक्याची जागा. पाइप गुळगुळीत आणि माती खरखरीत. दोघांच्या सांध्यात माती नीट दाबली जात नाही. रोलर तिथे पोचत नाही आणि मजूर पाइप फुटेल म्हणून ठोकत नाही. पाणी पाइपाच्या अंगाअंगाने येतं. पानशेतच्या १२ जुलै १९६१च्या दुर्घटनेची सुरुवातही विमोचकापासून झाली. त्याच्या भोवतीचा भराव खचत गेला, माथा खाली बसला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी पाणी वरून गेलं, आणि पुढे खडकवासला फुटून पुणं बुडालं. पुण्यातल्या जुन्या माणसांना ती तारीख अजून पाठ आहे.

खासगी तळ्यांवर मूळ पाइपापेक्षाही जास्त त्रास नंतर घातलेल्या पाइपांनी दिलाय. बागेला पाणी हवं, कारंज्याला लाइन हवी, म्हणून जेसीबीने पूर्ण बांध आडवा कापायचा, प्लास्टिकचा पाइप टाकायचा आणि बकेटने माती परत लोटायची. तो चर आयुष्यभर बांधातली सगळ्यात कच्ची जागा राहतो. पाणी हवं असेल तर माथ्यावरून सायफन न्या. पाच-सहा मीटर उचलीपर्यंत सायफन नीट चालतो आणि बांधाला भोक पडत नाही.

तुम्ही एवढंच तपासा: झडप पूर्ण बंद करा आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी पाइपाच्या आतून येतंय की बाहेरून? आतून थेंब येत असतील तर झडपेचं वॉशर गेलंय. बाहेरून येत असेल तर फोन करा. झडप वर्षातून दोनदा तरी पूर्ण उघडून बंद करा. गंजून बसलेली झडप पुराच्या रात्री उघडत नाही.

इथे थांबा

पुढचं काहीही दिसलं तर फावडं खाली ठेवा:

- पाझराचं पाणी गढूळ, किंवा पातळी तीच असताना पाझर वाढतोय.
- तळ्याच्या पाण्यावर एका जागी भोवरा.
- माथ्यावर किंवा उतारावर अचानक खड्डा.
- लांबीची किंवा आडवी मोठी भेग. उतार फुगलेला किंवा सरकलेला.
- पायथ्याशी पाणी उकळतंय आणि वाळू टाकतंय.
- पाइपाच्या बाहेरून धार.

तेव्हा करायचं ते या क्रमाने. आधी खालच्या वस्तीला सांगा: सरपंच, पोलीस पाटील, तहसील कार्यालय, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीला ११२. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. बांध टिकला आणि लोक एक रात्र शाळेत झोपले तर कुणाचं काही जात नाही. लाजेखातर हा फोन लांबवू नका.

मग पाहुण्यांना बाहेर काढा, बांधावर आणि बांधाखाली कुणाला थांबू देऊ नका. पाणी उतरवायला घ्या: विमोचक, सायफन, डिझेल पंप. पाणी सोडायला बांधात चर मारू नका. मातीत मारलेला चर पाणी स्वतः रुंद करत नेतं आणि मग तो कुणाच्या हातात राहत नाही. पायथ्याशी पाणी उकळत असेल तर त्यावर पोती टाकून ते दाबू नका. भोवती पोत्यांचं गोल कडं रचा, म्हणजे आत पाणी साचून दाब मिळतो, माती येणं मंदावतं आणि नितळ पाणी कड्यावरून वाहत राहतं. तेही बांधाखाली उभं राहणं सुरक्षित आहे असं अभियंत्याने सांगितलं तरच.

बोलवायचं कुणाला? जेसीबीवाल्याला नाही, गवंड्यालाही नाही. मातीच्या धरणांवर काम केलेला अभियंता हवा. जलसंपदा किंवा जलसंधारण विभागातून निवृत्त झालेले असे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात विचारलं तर नावं मिळतात. मातीची तपासणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. ग्राउटिंग (दाबाने आत सिमेंटचा पातळ गारा भरणं) करायचं, गाभा नव्याने भरायचा की पाइप काढून चर परत दाबायचा, हे अभियंता ठरवेल. फोनवर "करून टाकतो ग्राउटिंग" म्हणणाऱ्या ठेकेदाराला, नकाशा आणि वही न बघता, हो म्हणू नका. चुकीच्या दाबाने मारलेलं ग्राउट बांधालाच चिरतं.

अभियंत्याला पाठवायला हे तयार ठेवा: वहीची पानं, बाटल्यांचे तारखेसह फोटो, माथ्याच्या उंचीचे आकडे, बांध कधी आणि कोणत्या मातीने घातला, बांधातून कुठले पाइप कुठे जातात, सांडव्याची रुंदी, आणि खाली ओढ्याच्या काठाने दोन किलोमीटरपर्यंत किती घरं आहेत. ओलीचे फोटो काढताना कडेला फूटपट्टी नाहीतर एक चप्पल ठेवा. नुसत्या ओल्या मातीच्या फोटोवरून ओल हातभर आहे की खोलीभर, हे कळत नाही.